सॅमसंग एस 24 अल्ट्रा की गूगल पिक्सेल 8 प्रो, रात्रीचे फोटो

सॅमसंगचे 200 मेगापिक्सेल ऐकून लोक हुरळतात, पण त्याचा मेन सेन्सर (उजेड टिपणारी चिप) 1/1.3 इंच आणि गूगलच्या फोनचा 1/1.31, म्हणजे साईझ जवळजवळ सेमच. सॅमसंग सेन्सरवरचे 0.6 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 16 ठिपके, म्हणजे पिक्सेल, एकत्र करून एक मोठा करतो, गूगलचा फोन 1.2 चे 4, दोन्हीकडे शेवटी 2.4 चेच होतात, मग उजेड कुणाला जास्त मिळणार सांगा! खरा फरक प्रोसेसिंगचा, म्हणजे टिपलेल्या फोटोवर फोनचं सॉफ्टवेअर काय करतं त्याचा. सोमवारी मंगेशीला पालखीच्या वेळी भावाचा सॅमसंग आणि माझा पिक्सेल घेऊन बाजूबाजूला उभे राहिलो, त्याच्या फोटोत अख्खं आंगण लख्ख, माझ्या फोटोत काळोख काळोखच राहिला आणि दिवटीचा पिवळा उजेड डोळ्यांना दिसला तसाच उतरला, मला तेच आवडतं. मिरामारला भर उन्हात फोटो काढून नंतर क्रॉप मारायचा असेल तर मात्र सॅमसंगच घ्या.