धर्मादाय न्यासासाठी विधी अधिकारी: पूर्णवेळ की बाहेरचा वकील?

महाराष्ट्रातील बहुतेक लहान न्यास गरजेपुरता बाहेरचा वकील नेमतात, आणि खर्चाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र वकिलाला बहुधा वाद उभा राहिल्यावरच बोलावले जाते, तर पूर्णवेळ मुख्य विधी अधिकारी ठराव लिहिला जात असतानाच विश्वस्तांना सावध करू शकतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. विश्वस्त बदलल्यास कलम 22 नुसार 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. ही मुदत चुकते ती कायदा कठीण असल्यामुळे नव्हे, तर ती कोणी लक्षात ठेवायची हेच ठरलेले नसल्यामुळे, असे माझे मत आहे.

विदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेत हा फरक अधिकच जाणवतो, कारण विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियमातील 2020 च्या दुरुस्तीने त्या निधीतील प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली आणि तो निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई केली. प्रत्येक खर्चावर रोज नजर ठेवणे बाहेरच्या वकिलाला शक्य नसते.

न्यायालयात मात्र वकीलच हवा; पूर्णवेळ पगारी नोकरीत असलेल्या व्यक्तीला वकिली करता येत नाही.