ग्रामसभा: 1 मे आणि 2 ऑक्टोबर चुकवू नका

उमरेड रोड, वर्धा रोड, हिंगणा, कोराडी. नागपूरच्या चारही बाजूंना लेआउटमध्ये घर बांधून राहायला गेलेल्यांना ग्रामपंचायत म्हटलं की घरटॅक्सची पावती आणि नळाचं पाणी एवढंच आठवतं. हाताशी असलेली सर्वांत दमदार सोय, म्हणजे ग्रामसभा, वापराविना पडून राहते. महालच्या नगरभवनात महापालिकेची सभा भरते तेव्हा बोलतो तो नगरसेवक. ग्रामसभेत मात्र गावच्या मतदारयादीत नाव असलेला कोणीही उभा राहून हिशेब विचारू शकतो, हात वर करून ठराव करू शकतो. सोय म्हणून तिला पैकीच्या पैकी गुण. ती जशी चालवली जाते, त्याला निम्मेच.

मतदारयादीतलं नाव ही पहिली अट आहे आणि लेआउटवाले इथेच अडतात. घर गावात, मतदान अजून शहरातल्या जुन्या पत्त्यावर. अशा माणसाला सभेत बसता येईल, पण सदस्य म्हणून मत देता येणार नाही. नमुना 8 चा अर्ज भरून पत्ता बदलून घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

आर्थिक वर्षात किमान चार सभा घ्याव्याच लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. कधी दिवस मागेपुढे होतो, म्हणून सूचनाफलक बघत राहा. सभेची नोटीस सात दिवस आधी लागायला हवी. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला गर्दी असते, पण झेंडावंदन, सत्कार आणि लाभार्थ्यांच्या याद्या यातच वेळ जातो. वजनदार सभा उरलेल्या दोन.

1 मेची सभा हिशेबाची. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाचे शेरे ठेवणं बंधनकारक आहे. आणि नेमकी हीच सभा नागपूरच्या उन्हाळ्यात येते. पारा 44 च्या आसपास, शाळांना सुट्ट्या, निम्मं गाव लग्नकार्यात. वर्षभराचा खर्च पंधरा मिनिटांत ‘वाचून कायम’ होतो तो याच दिवशी. निदान दहा जणांनी तरी नमुना 3 म्हणजे जमाखर्च विवरण आणि नमुना 5 म्हणजे रोकड वही सभेत मागावी. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. या तीन आकड्यांपासून विचारायला सुरुवात करा. उत्तर तिथल्या तिथे देता येतं, आणि देता आलं नाही तर तेही इतिवृत्तात लिहून घ्यावं.

2 ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाचा विकास आराखडा आखायला घेतात. तुम्हाला नाली, दिवा, पाइपलाइन जे हवं असेल ते इथे शिरलं पाहिजे. 26 जानेवारीला उठून मागणी करणाऱ्याला ‘आराखडा अपलोड झाला’ असं उत्तर मिळतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. पैसा कोणत्या खात्यातून मागायचा हेही ठरवून जा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत 60 टक्के रक्कम बंधित होती, ती पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच; 40 टक्के अबंधित. म्हणजे सांडपाण्याची नाली बंधित निधीतून बसते, सिमेंट रस्ता बसत नाही. मागच्या वर्षी काय धरलं आणि कशावर किती खर्च झाला, ते ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाच्या नावाने कोणालाही बघता येतं. सभेला जाण्याआधी हे पान उघडाच.

विषय ऐनवेळी मांडायचा म्हटलं तर अध्यक्षांच्या परवानगीवर सगळं. त्यापेक्षा नोटीस निघायच्या आधीच लेखी द्यावा आणि पोच घ्यावी, आवक क्रमांकासकट. ‘आमच्या लेआउटमध्ये दिवे लावावे’ असा अर्ज दिलात तर ठरावही तितकाच ढिला होतो आणि वर्षभर फिरत राहतो. मौजा, खसरा क्रमांक, कुठून कुठपर्यंत, किती खांब, कोणत्या निधीतून, किती महिन्यांत, एवढं एका वाक्यात आलं की टाळायला जागा राहत नाही.

सर्वांत जास्त निराशा होते ती रस्त्यांच्या विषयात. लेआउटचा अंतर्गत रस्ता बिल्डरने ग्रामपंचायतीकडे सोपवलेलाच नसेल तर तिथे पंचायतीचा पैसा लागत नाही. रस्ता नमुना 23 म्हणजे पंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांच्या नोंदवहीत चढला आहे का, ते आधी विचारा. नसेल तर पहिली मागणी रस्त्याची नको, तो ताब्यात घेण्याच्या ठरावाची हवी. बांधकाम परवानगी, पीयू लँड (सार्वजनिक वापराची राखीव जागा), मंजूर नकाशा हे एनएमआरडीएचं, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं काम आहे. ग्रामसभा ठराव करून तिकडे पाठवू शकते, मंजुरी देऊ शकत नाही.

गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, विषय मात्र आधीच्याच विषयपत्रिकेतले घ्यावे लागतात. काही ठिकाणी सभा झाल्यावर हजेरी रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या गोळा होतात. यावर उपाय एकच: सभा सुरू होताना आणि संपताना शेवटच्या सहीचा क्रमांक अध्यक्षांकडून मोठ्याने वाचून घ्या आणि त्या पानाचा फोटो काढा. ठरावाला सूचक आणि अनुमोदक यांची नावं लागतात, ती तिथल्या तिथे सांगा. ग्रामसेवकाने (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) लिहिलेला ठराव उठण्यापूर्वी वाचून दाखवायला लावा. ‘चर्चा झाली’ आणि ‘सर्वानुमते मंजूर’ या दोन नोंदींत तुमचं वर्षभराचं काम अडकलेलं असतं.

महिला सभा ही ग्रामसभेच्या आधी वेगळी व्हायला हवी. बऱ्याच गावांत ती त्याच दिवशी अर्धा तास आधी उरकतात आणि तिचे ठराव मुख्य सभेत वाचलेच जात नाहीत. पाण्याच्या वेळा, शौचालय, अंगणवाडी हे विषय तिथेच नीट मांडले जातात, म्हणून मुख्य सभा सुरू होताच महिला सभेचं इतिवृत्त वाचायची मागणी करावी.

आठवड्याभरात ठरावाची नक्कल मागा. टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. इतिवृत्तातच फेरफार दिसला तर पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, सोबत फोटो जोडा.

महापालिका हद्दीत राहणाऱ्यांसाठी जवळची सोय म्हणजे लोकशाही दिन, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. तिथे वैयक्तिक तक्रारच चालते, विहित नमुन्यात अर्ज आगाऊ द्यावा लागतो आणि न्यायप्रविष्ट बाब घेतली जात नाही. एकट्याचं अडलेलं काम सोडवायला ठीक, मोहल्ल्याचा निर्णय घ्यायला निरुपयोगी. क्षेत्रसभेची, म्हणजे शहरातल्या एका भागातल्या मतदारांच्या सभेची तरतूद कायद्यात आहे, पण लोकांना तिची सवय लागलेली नाही. 2013 मध्ये हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत आलं, पुढे बेसा-पिपळ्याची नगरपंचायत झाली. अशा गावांचा दर्जा वाढला आणि वर्षातून चार वेळा हिशेब विचारायचा तिथल्या मतदाराचा हक्क त्याच दिवशी गेला. तुमच्या गावाचा असा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आला, तर विषयपत्रिकेतला तो विषय वाचून तरी सभेला जा.