चाटण वीट, भुकटी की पाला? सेंद्रिय गोठ्यात खनिजं कशातून द्यावीत

राहायचं गोरेगावात आणि सहा गाई सांभाळायच्या पालघरातल्या वाडा तालुक्यात, असा माझा उद्योग. हाच उद्योग काढायच्या बेतात असलेले ओळखीचे लोक हमखास विचारतात: खनिजांचं काय करायचं? गाईनं चाटायची मीठ-खनिजांची वीट टांगायची, भुकटीचं मिश्रण विकत घ्यायचं, की सेंद्रिय म्हटल्यावर सगळं चाऱ्यातूनच भागवायचं?

आधी एक सांगतो, आरेतल्या तबेल्यांकडे बघून ठरवू नका. तिथल्या म्हशीच्या पुढ्यात गव्हाचा कोंडा आणि चुणी पडते. कोंड्यात फॉस्फरस शेकडा एकच्या आसपास आणि कॅल्शियम त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणून तिथे कॅल्शियमचीच काळजी जास्त. आपली गाय खाते भाताचा पेंढा आणि माळावरचं गवत. पेंढ्यात फॉस्फरस शेकडा ०.१ च्या घरात. म्हणजे तबेल्यात जे आपोआप मिळतं, नेमकं तेच आपल्याकडे नाही.

पहिल्या वर्षी आमची एक गाय भिंतीचं प्लास्टर चाटायची. खरखर आवाज यायचा, खाली वाळू सांडलेली असायची. पुढे वासराचं दावं चघळायला लागली, मग माझी चप्पल. जंतांनीही असं होतं, पण जंताचं औषध झालं होतं; म्हणजे खनिजंच कमी पडत असणार, म्हणून मी चाटण वीट आणून टांगली. गाय खूश, मीही खूश. आठवड्यानं गोठा बघणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, ही मीठ चाटते नि बादलीभर पाणी पिते, पण चप्पल काय सोडत नाही." बरोबरच होतं. विटेत बहुतांश मीठ. गाईला मिठाची ओढ असते, ते कमी पडलं की शोधून चाटते. तांबं, जस्त कमी पडलं म्हणून ती तेवढंच चाटेल, असं काही नाही. शिवाय दांडगी गाय वीट अडवून बसते आणि गरीब गाय नुसती बघत राहते. जुलै उजाडला, वीट पाझरायला लागली आणि पंधरा दिवसांत आतली तार उघडी पडली.

विटेत आणखी दोन गोम आहेत. काही विटांचा लाल रंग आयर्न ऑक्साइडचा असतो. कोकणच्या जांभ्या मातीत लोह आधीच उदंड, आणि जास्तीचं लोह तांब्याच्या शोषणात आडवं येतं. विकत घेऊन तोटा! दुसरं म्हणजे युरिया. गूळ-युरियाची वीट साध्या गोठ्यात चालते, सेंद्रिय गोठ्यात युरिया चालत नाही. एका दुकानदारानं मला तीच 'नैसर्गिक' म्हणून देऊ केली होती. मागची बारीक अक्षरं वाचली म्हणून वाचलो.

आता भुकटी, म्हणजे खनिज मिश्रण. मी याच बाजूचा, आधीच कबूल करतो. दुभत्या गाईला दिवसाला ५० ग्रॅम, आंबोणात (पेंड-कोंड्याच्या खुराकात) कालवून, प्रत्येकीला वेगळं. एकदा काट्यावर तोलून डबी ठरवली की रोज तोलावं लागत नाही. पाकिटावर आयएस १६६४ हे भारतीय मानक बघा. कॅल्शियम किमान २० टक्के, फॉस्फरस किमान १२ टक्के. हिशोब सोपा आहे. एक लिटर दुधातून साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि ०.९ ग्रॅम फॉस्फरस बाहेर जातो. दहा लिटरवाल्या गाईचे रोज १२ आणि ९ ग्रॅम गेले; ५० ग्रॅम भुकटीतून आले १० आणि ६. खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही, त्यामुळे उरलेला भार चाऱ्यावरच.

विकत घेताना त्यातलं डीसीपी, म्हणजे कॅल्शियम-फॉस्फरस देणारं डायकॅल्शियम फॉस्फेट, कशाचं, ते विचारा. हाडांचं असेल तर सेंद्रिय गोठ्यात नको. खडकाचं असेल तर फ्लोरीन काढलेलं हवं, नाहीतर वर्षानुवर्षं साठून दात आणि सांधे जातात. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही तर दुकान बदला.

तिसरा पर्याय पाल्याचा, आणि मनाला सगळ्यात पटणारा. शेवरी, शेवगा, सुबाभूळ बांधावर लावा, कॅल्शियमची बरीच चिंता मिटते. सुबाभूळ मात्र चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, त्यात मायमोसिन हा विषारी घटक असतो. नेपियर गवतावर फार विसंबू नका, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. लसूणघास उत्तम, पण आपल्याकडच्या पावसात पाणी साचलं की मुळं कुजतात. पाल्यानं फॉस्फरसचं कोडं सुटत नाही, कारण जांभी माती फॉस्फरस धरून ठेवते, पिकाला सोडत नाही. 'आमचं शेणखत आमच्याच शेतात' हे ऐकायला छान वाटतं, पण हजार लिटर दूध मुंबईला गेलं की जवळजवळ एक किलो फॉस्फरस शेताबाहेर गेला. तो काही परत येत नाही.

समुद्री शेवाळाच्या पुडीबद्दलही विचारणा होते. त्यात आयोडीन भरपूर, कधीकधी नको इतकं, आणि ते दुधात उतरतं. फॉस्फरस नगण्य. मी घेत नाही.

सेंद्रिय प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर मिश्रण आणण्याआधी घटकांची यादी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला दाखवून लेखी होकार घ्या. नैसर्गिक स्रोताला आधी पसंती असते. गाईची खरी गरज किती, हे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांना विचारता येईल. नुसत्या रक्तातल्या कॅल्शियमवर मात्र जाऊ नका, गाय ते हाडांतून काढून टिकवून धरते.

माझ्याकडे आता बांधावर शेवरी, आंबोणात भुकटी, आणि गव्हाणीत जाड्या मिठाचं वेगळं डबडं, छपराच्या आत. चप्पल चघळणं दोनेक महिन्यांत थांबलं.

गाभण गाईचं मात्र वेगळं आहे. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत चुना, कॅल्शियमची बाटली, शेवरीचा भारा, सगळं आवरतं घ्यायचं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की हाडांतून कॅल्शियम काढायची तिची सवय सुस्तावते, आणि व्याल्यावर चीक उतरताना गाय बसते ती उठत नाही. मावशींना हे पटायला एक वेत जावं लागलं. आता शेवटच्या महिन्यात शेवरीचा भारा त्या स्वतःच पलीकडच्या दाव्याला नेऊन टाकतात.