ठोक ठेका की माणशी ठेका: शाळा-महाविद्यालयाच्या सफाई आणि सुरक्षेचा करार करताना

मार्चमध्ये अंदाजपत्रक नियामक मंडळापुढे ठेवताना आमच्याकडे सर्वांत जास्त वेळ सफाई आणि सुरक्षा या एका ओळीवर जातो, आणि रकमेने ती ओळ फार मोठी नसते. वेतन अनुदान आपल्या हातात नसते, वीजबिलाचा अंदाज बांधता येतो. परंतु एजन्सीकडून माणसे कोणत्या करारावर घ्यायची हे संस्थेलाच ठरवावे लागते. जळगाव जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, एकाच आवारात बारावीपर्यंतची शाळा आणि पदवी महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेचे हिशेब पाहताना मी दोन्ही प्रकार वापरले आहेत. आधी तीन वर्षे ठोक ठेका होता, म्हणजे संपूर्ण कामाची एकच ठरलेली रक्कम; त्यानंतर आजवर माणशी ठेका आहे, म्हणजे हजर माणसांप्रमाणे दर माणशी रक्कम.

ठोक ठेक्याचा मोह खरा आहे, हे आधी मान्य करतो. अध्यक्षांना मार्चमध्ये एकच आकडा हवा असतो आणि तो या करारात मिळतो. हजेरी आपण मोजायची नाही, झाडू-फिनेल आपण आणायचे नाही, कोणी आजारी पडले तर बदली माणूस एजन्सीने पाहायचा. आमच्या भागात अनेक पालकांची फी कापूस विकला गेल्यावर, म्हणजे दिवाळीच्या पुढेमागे हाती येते आणि शिष्यवृत्तीची रक्कम त्याहूनही उशिरा जमा होते. अशा वेळी दरमहा नेमके किती द्यायचे आहे हे ठाऊक असणे लेखा विभागाला मोठा दिलासा असतो.

अडचण जुलैपासून सुरू होते. किमान वेतनातील विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा भाग) राज्यात जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. एप्रिलमध्ये ठोक रकमेवर सही केलेल्या एजन्सीचा खर्च त्यामुळे वर्षात दोनदा वाढतो, आपली रक्कम मात्र तीच राहते. हा फरक कुठून तरी भरून निघतोच. आमच्याकडे दहा माणसांच्या अंदाजावर ठरलेल्या कामाला नोव्हेंबरात आठच माणसे दिसू लागली, आणि त्याचा पहिला फटका प्रयोगशाळेमागच्या स्वच्छतागृहांना बसला.

दुसरा मुद्दा कराचा आहे. पूर्वप्राथमिक ते बारावीपर्यंतच्या शिक्षणसंस्थेला दिलेल्या सफाई व सुरक्षा सेवांवर जीएसटी माफ आहे. पदवी महाविद्यालयाला ती माफी नाही, तिथे 18 टक्के लागतो. आपल्याला त्याची वजावट मिळत नसल्याने तो निव्वळ खर्चच ठरतो. आमच्या ठोक देयकात संपूर्ण आवार एकत्र असल्याने एजन्सी सगळ्या रकमेवर कर लावत असे. दोन वेगळे ठोक करार करून हे टाळता आले असते, हे खरे. आम्हाला ते उशिरा सुचले. माणशी ठेक्यात शाळेकडची सहा आणि महाविद्यालयाकडची चार माणसे आपोआपच वेगळी मांडली जातात. मात्र करारात आणि देयकात ‘मनुष्यबळ पुरवठा’ असे न लिहिता ‘सफाई सेवा’, ‘सुरक्षा सेवा’ असेच लिहून घ्यावे, कारण माफी सेवेला आहे, नुसती माणसे पुरवण्याला नाही.

तरीही एवढ्यावरून मी पक्ष बदलला नसता. निर्णय झाला तो भविष्यनिर्वाह निधीच्या चलानावरून. दर महिन्याच्या देयकाला एजन्सी चलान, म्हणजे निधी भरल्याची पावती, जोडत असे आणि आम्ही ते फाईलला लावत असू. एके दिवशी सफाईचे काम करणाऱ्या एका बाई मुलाला घेऊन कार्यालयात आल्या. मुलाने मोबाईलवर त्यांच्या निधी खात्याचे पासबुक उघडून दाखवले, तर त्यात मागचे पाच महिने कोरे होते. “साहेब, मना पैसा कोठे गयात?” एवढेच त्यांनी विचारले. मी फाईल काढली. पाचही महिन्यांची चलाने जागेवर होती, रक्कमही भरलेली होती. पण ते चलान एजन्सीच्या सर्व ठिकाणच्या कामगारांचे एकत्रित होते आणि त्यात आमची माणसे आहेत की नाहीत हे त्या कागदावरून कळण्याचा मार्गच नव्हता. नावनिहाय यादी मागितली तेव्हा उत्तर आले की करार कामाचा आहे, माणसांचा नाही. करार वाचला, तर ते म्हणणे अक्षरशः बरोबर होते.

कायद्याच्या दृष्टीने मात्र मुख्य नियोक्ता आपणच असतो आणि ठेकेदाराने निधी भरला नाही तर वसुली संस्थेपर्यंत येऊ शकते. माणशी 15,000 रुपये वेतन धरले तर नियोक्त्याचा 13 टक्के भार 1,950 रुपये होतो. दहा माणसांचे पाच महिने म्हणजे 97,500 रुपये, आणि कामगारांच्या पगारातून कापलेला हिस्सा व व्याज त्याखेरीज. अंदाजपत्रकात यासाठी ओळ नसते.

माणशी ठेक्यात किमान वेतन, निधी आणि सेवाशुल्क (एजन्सीचा स्वतःचा मोबदला) वेगवेगळे दाखवले जातात, आणि भत्ता वाढला की दर तेवढाच वाढतो. त्यासाठी आम्ही या शीर्षकाखाली पाच टक्के आकस्मिक तरतूद ठेवतो. माझ्या अनुभवात ती पुरली आहे. निधीची रक्कम नावनिहाय ईसीआर यादी (कोणत्या कामगाराचा किती निधी भरला हे दाखवणारे मासिक विवरण) हजेरीपत्रकाशी जुळल्यावरच देय होते, असे कलम आहे. मे महिन्यात वर्ग बंद असतात आणि जळगावच्या उन्हात दुपारी आवारात कोणी फिरकतही नाही, तेव्हा सफाईची माणसे कमी करून तो पैसा महाविद्यालयाच्या तपासणीआधीच्या जादा कामाला ठेवता येतो.

त्रास आहे, तो लपवत नाही. रोजची हजेरी आमच्या लिपिकाला तपासावी लागते, आणि सुट्टीवरचा माणूस हजर दाखवलेला आम्हीही पकडला आहे. काम नीट झाले नाही तरी माणूस हजर होता एवढ्यावर देयक येते, म्हणून देखरेख आपलीच. निविदेत सेवाशुल्क अर्धा टक्का किंवा त्याहून कमी लावणारी एजन्सी स्वस्त वाटते. ती कमाई कुठून करणार, हा प्रश्न मी आता तिथल्या तिथे विचारतो.

ज्या लहान शाळेत दोन-तीनच माणसे लागतात आणि हजेरी पाहायला स्वतंत्र लिपिक नाही, तिथे कदाचित ठोक ठेकाच सोयीचा पडेल. मात्र त्या शाळेवर काम करणाऱ्यांची नावनिहाय यादी दरमहा देण्याचे कलम त्यात घालून घ्यावे. आमच्याकडेही पाण्याच्या टाक्या धुणे आणि पावसाळ्यानंतर मैदानावरचे गवत काढणे ही कामे आजही ठोक रकमेवरच दिली जातात, कारण टाकी धुतली की नाही हे झाकण उघडून पाहता येते.