क्वीनचे शेवटचे दोन अल्बम : आधी 'इन्युएन्डो' ऐकावा की 'मेड इन हेवन'?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची पाच-सहा गाणी कानावरून गेलेली असतात आणि मग कधीतरी वाटतं, आता एक अख्खा अल्बम नीट बसून ऐकावा, तोही त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या शेवटच्या काळातला. अशा वेळी हमखास दोन नावं पुढे येतात. 'इन्युएन्डो' फेब्रुवारी १९९१ मध्ये आला तेव्हा फ्रेडी हयात होता. 'मेड इन हेवन' ६ नोव्हेंबर १९९५ ला आला तेव्हा त्याला जाऊन चार वर्षं होत आली होती. ब्रिटनमध्ये दोन्ही अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो : आधी 'इन्युएन्डो' ऐका. पण दुसऱ्या अल्बमला उरल्यासुरल्या गाण्यांचा डबा म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. एक अल्बम फ्रेडीने स्वतः उभा राहून पुरा केला. दुसरा त्याच्या मित्रांनी त्याच्यामागे पुरा केला. तुम्हाला यातलं नेमकं काय ऐकायचं आहे, यावर निवड ठरते.

'इन्युएन्डो'चं काम मार्च १९८९ ते नोव्हेंबर १९९० असं चाललं. थोडं लंडनच्या मेट्रोपोलिस स्टुडिओत, थोडं स्वित्झर्लंडमध्ये मॉन्ट्रोच्या माउंटन स्टुडिओत. फ्रेडीची तब्येत ढासळत होती. बँडमधल्या तिघांना ते दिसत होतं, बाहेर मात्र कोणी अवाक्षर काढत नव्हतं. आपल्याला एड्स असल्याचं निवेदन त्याने २३ नोव्हेंबर १९९१ ला दिलं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय ४५.

हे ठाऊक असूनही अल्बम लावला की पहिल्यांदा जाणवते ती त्यातली उमेद. शीर्षकगीत साडेसहा मिनिटांचं आहे. ड्रमच्या संथ, पावलं टाकल्यासारख्या ठेक्यावर ते सुरू होतं, आणि मध्येच सगळं थांबून स्पॅनिश फ्लॅमेंको गिटार सुरू होते. त्या भागात येस बँडचा स्टीव्ह हाउ वाजवतो. तब्येत साथ देत नसताना असा गुंतागुंतीचा घाट घालायची हिंमत लागते. 'आय अ‍ॅम गोइंग स्लाइटली मॅड'मध्ये फ्रेडी चक्क खट्याळपणा करतो. 'बिजू'मध्ये गाण्याची रचनाच उलटी केली आहे : बहुतेक गाणं ब्रायन मेची गिटार गाते आणि फ्रेडीचा आवाज मधल्या एका कडव्यापुरता येतो. सगळंच उत्तम आहे असं नाही. 'द हिटमॅन' मला नुसता गोंगाट वाटतो, आणि 'डिलायला' हे मांजरीवरचं गाणं त्याच्या मांजरप्रेमापोटी मी ऐकून घेतो, एवढंच.

शेवटचं गाणं 'द शो मस्ट गो ऑन'. त्यातल्या वरच्या पट्टीतल्या जागा या अवस्थेत फ्रेडीला झेपतील का, अशी शंका ब्रायनला होती. फ्रेडीने व्होडका घेतली आणि ते गाणं गाऊन टाकलं, ही आठवण ब्रायनने अनेकदा सांगितली आहे. ऐकताना आवाज कुठे कापतो, कुठे दम कमी पडतो, ते शोधून पाहा. मला सापडलेलं नाही.

'मेड इन हेवन'ची कुळकथा वेगळी आहे. 'इन्युएन्डो' बाजारात आल्यानंतर, १९९१ च्या वसंतात, बरं वाटेल तेव्हा फ्रेडी मॉन्ट्रोच्या स्टुडिओत येई. जे लिहून होईल ते माझ्याकडून गाऊन घ्या, बाकीचं तुम्ही नंतर पुरं करा, असा त्याचा आग्रह होता. पण त्यातून अख्खा अल्बम भरेल एवढा ऐवज जमला नाही. मग ड्रमर रॉजर टेलर, बास गिटार वाजवणारा जॉन डीकन आणि ब्रायन यांनी जुनं बाहेर काढलं. 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू' आणि शीर्षकगीत ही फ्रेडीच्या १९८५ च्या एकट्याच्या अल्बममधली. 'हेवन फॉर एव्हरीवन' रॉजरच्या द क्रॉस या दुसऱ्या बँडसाठी फ्रेडीने गायलेलं. 'माय लाइफ हॅज बीन सेव्ड' १९८९ च्या एका सिंगलच्या मागच्या बाजूला होतं. 'इट्स अ ब्यूटिफुल डे'चं मूळ तर १९८० मध्ये पियानोवर सहज छेडलेल्या काही ओळींत. माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांची गोधडी शिवावी, तसा हा प्रकार. काही ठिकाणी शिवण दिसते. 'यू डोन्ट फूल मी' निर्माता डेव्हिड रिचर्ड्सने आवाजाच्या तुकड्यातुकड्यांतून जोडलं. त्याला ठेका झकास आहे, पण एकच ओळ फिरून फिरून येते आणि हाताशी किती थोडं होतं हे कळतं.

ही शिवण कुठे जमली आहे ते पाहायचं असेल, तर 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू'ची दोन्ही रूपं पाठोपाठ लावा. १९८५ च्या रूपात सिंथेसायझर आणि त्या काळचा डिस्को ढंग आहे. फ्रेडी जीव तोडून गातो आणि मागचं वाद्यवृंदाचं काम जागेवरच बसून राहतं. १९९५ मध्ये आवाज तोच आहे, पण खाली रॉजरचे खरे ड्रम आणि वर ब्रायनची गिटार आली आहे. गाणाऱ्याला शेवटी आपली माणसं भेटली, असं वाटतं. मूळ गाण्यापेक्षा हे रूप सरस आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

आणि 'मदर लव्ह'. मे १९९१ मध्ये गायलेलं हे फ्रेडीचं शेवटचं ध्वनिमुद्रण. ड्रम मशीनच्या साध्या ठेक्यावर तो एकेक कडवं गात गेला. मधल्या भागात अजून वर जायचं म्हणून त्याने सूर चढवून घेतला, तिथे त्याच्या घशातला खरखरीतपणा स्पष्ट ऐकू येतो. शेवटचं कडवं राहिलं. थोडा आराम करून परत येतो म्हणाला, तो परत आलाच नाही. ते कडवं ब्रायनने गायलं आहे, आणि फ्रेडीसारखं गायचा जराही प्रयत्न केलेला नाही : खालचा, मऊ, जवळजवळ बोलल्यासारखा आवाज. नंतर १९८६ च्या वेम्बली मैदानातली गर्दी आणि फ्रेडीची तिच्याशी रंगलेली आलापी, मग जुन्या गाण्यांचे तुकडे वेगाने निघून जातात आणि शेवटी तान्ह्या बाळाचं रडणं. हा शेवट कोणाला जरा जास्त वाटेल. मला ब्रायनचं ते एक कडवं पुरेसं आहे. एवढ्या एका गाण्यासाठी हा अल्बम घरात असावा.

'अ विंटर्स टेल'ही खास फ्रेडीचं. मॉन्ट्रोच्या सरोवराकाठच्या घरातून दिसणाऱ्या पाण्यावर आणि डोंगरांवर लिहिलेलं. 'लेट मी लिव्ह'मध्ये फ्रेडी, रॉजर आणि ब्रायन तिघेही आळीपाळीने मुख्य आवाज होतात, ते ऐकण्यासारखं आहे. अल्बमच्या मुखपृष्ठावर त्याच सरोवराकाठी फ्रेडीचा पुतळा दिसतो. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथल्या 'द हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवणारा फारोख बलसारा (हे फ्रेडीचं मूळ नाव) म्हणून आपल्याकडे फ्रेडीबद्दल आपुलकी असते, ती असावीच. पण पाचगणीचा मागमूस या दोन अल्बमांत शोधू नका. या दोघांचं गाव मॉन्ट्रो.

तर निवड कशी करायची? क्वीनशी ओळख नुकती होत असेल, किंवा अल्बम सलग ऐकायची सवय असेल, तर 'इन्युएन्डो'. चार जणांनी एकाच खोलीत बसून केलेल्या कामाची एकसंधता 'मेड इन हेवन'मध्ये नाही, आणि ती तिथे मागणंही योग्य नाही. ब्रायन आणि रॉजर यांच्याबद्दल तुम्हाला प्रेम असेल, किंवा घरात नुकतंच कोणी गेलं असेल आणि जोरकस गाणी नको वाटत असतील, तर बेलाशक 'मेड इन हेवन'पासून सुरुवात करा. जॉन डीकनचाही हा क्वीनबरोबरचा शेवटचा अल्बम. फक्त सीडी किंवा मोबाइलवर ऐकत असाल तर एक लक्षात ठेवा : बारावा ट्रॅक 'येह' काही सेकंदांत संपतो, आणि त्यानंतर नाव नसलेला, बावीस मिनिटांहून मोठा, संथ सुरावटींचा तुकडा सुरू होतो. तो गाणं म्हणून ऐकायला बसाल तर कंटाळाल. दिवा मालवून नुसता चालू ठेवलात तर चालेल, नाहीतर खुशाल बंद करा.

एलपी घेणाऱ्यांनी 'इन्युएन्डो'च्या बाबतीत थोडं जपून. १९९१ ची मूळ एलपी एकाच तबकडीची आहे, आणि त्रेपन्न-चोपन्न मिनिटं एका तबकडीत मावत नाहीत म्हणून त्यात काही गाणी कापून छोटी केली आहेत. जुन्या प्रतीसाठी संग्राहक चढी किंमत मागतात, ती ऐकण्यासाठी मोजू नका. २०१५ मध्ये दोन्ही अल्बम प्रत्येकी दोन तबकड्यांवर आले, त्यात गाणी पूर्ण लांबीची आहेत. दुकानात विचारताना एवढंच विचारा : आत तबकड्या किती?