घरगुती बायोगॅसची टाकी: दीड वर्षाचा अनुभव, घेणाऱ्यांनी वाचाच

आमच्याकडे इंदूरला लोकमान्य नगरात मागच्या अंगणात 1000 लिटरची टाकी बसवून दीड वर्ष झालं. रोजचं दोनेक किलो खरकटं आणि भाजीची सालं टाकली की पाऊण तास शेगडी चालते, चहा आणि वरण-भात आरामात होतो. टाकी खरंच चांगली आहे, माझी तक्रार आहे ती विकताना काही सांगत नाहीत याची.

दिवाळीच्या साफसफाईत निळी ज्योत पिवळी पडली आणि दोन दिवसांनी पेटेचना. ड्रम चांगला वर आलेला, म्हणजे गॅस होता, पण काडी लावली की फुस्स करून विझायचा, आणि स्लरीला (टाकीतल्या पातळ लगद्याला) आंबट वास. सर्व्हिसवाला पाइप बदलून 400 रुपये घेऊन गेला, फरक शून्य.

शेजारचे काका केमिस्ट्री शिकवायचे, त्यांनी पीएचची (आम्लपणा मोजायची) पट्टी बुडवली, साडेपाच! सातच्या आसपास हवा. म्हणाले, "अगं, टाकीत काय काय गेलं ते आठव." आठवलं तर त्याच आठवड्यात भांड्यांच्या साबणाचं पाणी, बादली धुतलेलं डिसइन्फेक्टंट (लेबलवर बेन्झाल्कोनियम क्लोराइड) आणि सासूबाईंच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या, सगळं थोडं थोडं. एकेकटं इतकंसं कदाचित पचलंही असतं. पण साबण आणि हे डिसइन्फेक्टंट एकमेकांचा जोर थोडा कमी करत असले, तरी मिथेन (शेगडीत जळणारा गॅस) करणाऱ्या जंतूंना दोन्ही त्रास देतात. अँटिबायोटिक मिथेन करणाऱ्यांना थेट फारसं मारत नाही, ते मारतं त्यांना खाणं पुरवणाऱ्या मधल्या जंतूंना, म्हणजे साखळी दोन्हीकडून तुटते. आम्ल साठत जातं आणि गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडच जास्त, तो कसा पेटणार?

दहा दिवस काही टाकलं नाही, गोशाळेतून ताज्या शेणाच्या दोन बादल्या आणून कालवून ओतल्या, थोडी चुन्याची निवळी. मिथेनवाले फार सावकाश वाढतात, साडेतीन आठवडे लागले.

इंदूरच्याच देवगुराडियात रोज 550 टन कचऱ्यासाठी उभारलेल्या बायो-सीएनजी (कचऱ्यापासून गाड्यांचं इंधन) प्लान्टलासुद्धा घरोघरी वेगळा केलेला ओला कचराच लागतो, मग आपल्या एवढ्याशा टाकीत तर सगळंच लगेच जाणवणार. जुन्या गोळ्या कचरा गाडीच्या घातक कचऱ्याच्या डब्यात द्या.

पुस्तिकेत फक्त "फिनेल टाकू नये" एवढंच आहे, साबण, गोळ्या काही नाही. टाकीला 4 स्टार, सर्व्हिसला 2. घेताना पीएचच्या पट्ट्या मागूनच घ्या.