बोलिंजर स्पेशल क्युवे: पैसे कशाचे, आणि पुण्यात ते वाया कसे जातात

ही शॅम्पेन महाग आहे, पण तिचे पैसे कुठे जातात ते घोटाघोटाला कळतं. आई (उच्चार आपल्या आईसारखाच) या फ्रेंच गावातलं हे घराणं १८२९ सालचं, मालकी आजही कुटुंबाचीच. १९४१ मध्ये पती गेल्यावर, जर्मनांचा ताबा असताना, लिली बोलिंजर यांनी कारभार हाती घेतला. सायकलवरून मळे पाहत त्यांनी १९७१ पर्यंत तो सांभाळला. १९५२ ची वाईन बाटलीत तळाशी बसलेल्या यीस्टच्या गाळावरच मुरू देऊन थेट १९६७ मध्ये विकायला काढली ती त्यांनीच. घाई न करणं हीच या घराची खरी ओळख.

स्पेशल क्युवेत तीन जातींची द्राक्षं: पिनो न्वार ६० टक्के, शार्दोने २५, मनिये १५. त्यातला बराचसा रस जुन्या ओक पिंपांत आंबवतात. पिंपं जुनी, म्हणून लाकडाचा वास चढत नाही, वाईनला अंग मात्र येतं. राखीव वाईन (पुढच्या मिश्रणांसाठी राखलेली आधीच्या वर्षांची वाईन) दीड लिटरच्या बाटल्यांत बूच लावून वर्षानुवर्षं ठेवतात. नियमाने बाटलीत किमान १५ महिने मुरवावं लागतं, इथे त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणून चवीला भाजलेलं सफरचंद, अक्रोड, लोण्यावर शेकलेला पाव. हलकीफुलकी, लिंबासारखी शॅम्पेन हवी असेल तर ही घेऊ नका.

आता पुण्याचं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि अनेक दुकानांत महागड्या बाटल्या दर्शनी कपाटात दिव्याखाली उभ्या असतात. उष्णतेने बुडबुडे मरगळतात, उजेडाने उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. एसीतल्या, आतल्या खोक्यातली बाटली मागा. घरी नेताना डिकीत विसरू नका.

फ्रीजमध्ये चार तास, किंवा निम्मा बर्फ-निम्मं पाणी भरलेल्या बादलीत अर्धा तास. नुसत्या बर्फात मधे हवा राहते, बाटली सावकाश गार होते. फ्रीझर नकोच, बाटली फुटू शकते. ८ ते १० अंशांवर प्यावी. त्याहून गार झाली की अक्रोडाची चव गायब.

आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे सहा पट, म्हणून तार सोडल्यापासून अंगठा बुचावरून हलवू नका. तारेला सहा अर्धे वेढे असतात. बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. आवाज फुस्स एवढाच यायला हवा, टाळीचा बार निघाला की फेस जमिनीवर. ग्लासला भांड्याचा साबण राहिला तर बुडबुडे लगेच मरतात, तेव्हा गरम पाण्याने धुवा. अरुंद ग्लासपेक्षा पांढऱ्या वाईनचा बरा.

सोबत खारे बटाटा वेफर्स किंवा गरम साबुदाणा वडा: तळणीचं तेल आणि मीठ या आंबटपणाला छान तोलतं. श्रीखंड नको, गोडासमोर ही तुरट लागते. उरली तर चमचा उभा करून काही होत नाही. शॅम्पेनचं घट्ट झाकण लावा, फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकते.